साक्षीचा काळा

पितळेची कळशी पालथी घालून तिच्यावर जुना टॉवेल गुंडाळला होता आणि टॉवेलवर केसांचा टोप चढवला होता. गच्चीवरच्या सकाळच्या उन्हात ईश्वरप्पा त्याच्याभोवती फिरून फिरून बघत होते. शेजारच्या गच्चीवरून कुणी पाहिलं असतं तर म्हातारा कळशीला प्रदक्षिणा घालतोय असंच वाटलं असतं.

"मग अज्जा, काय वाटतं?" साक्षीनं जिन्याच्या दारातूनच विचारलं. ती उन्हात आली नाही. डोक्याला ओढणी कपाळापर्यंत घट्ट बांधलेली होती.

"मला काय इचारतीस? तू सांग की. कुठला रंग हाय ह्यो?"

"चहाच्या चोथ्याचा."

"बराबर. ओल्या का वाळल्या?"

"वाळलेल्या. कालच्या," साक्षी म्हणाली आणि तिला जरासं हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

हा त्यांचा जुना खेळ होता. ईश्वरप्पांचं सगळं आयुष्य सूत रंगवण्यात गेलं. अक्कलकोट रोडच्या एका रंगखान्यात ते मास्टर होते. चादरीचा लाल, टॉवेलचा निळा, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. पण रंगापेक्षाही त्यांना पोरांना शिकवायची हौस जास्त. गल्लीतली पोरं गोळा करायची आणि विचारायचं, हा हिरवा कशाचा? पोपटाचा, कैरीचा, की शेवाळाचा? पोरगं चुकलं तरी ते उत्तर सांगायचे नाहीत. "परत बघ," एवढंच म्हणायचे. साक्षी बोलायला लागली तेव्हापासून ह्या खेळातली त्यांची भिडू होती. शाळेच्या वाटेवर रिक्षा, भिंती, साड्या, सगळ्यांचे रंग दोघांनी मिळून ओळखले होते.

गेल्या दिवाळीनंतर साक्षीच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली. मग तिच्या शेजारी दुसरी. उन्हाळा लागेपर्यंत डोकं पार मोकळं झालं. डॉक्टर म्हणाले, पोरीच्या जिवाला काही धोका नाही. केस परत येतील किंवा येणारही नाहीत, वाट बघायची. नववीची परीक्षा तिनं स्कार्फ बांधून कशीबशी दिली. जूनमध्ये शाळा उघडली आणि ती गेलीच नाही. दहावीचं वर्ष. आई रेश्मा बँकेतून आली की रोज समजूत घालायची. कुर्डुवाडीला रेल्वेत असलेले वडील पंधरवड्यातून एकदा घरी आले की समजूत घालायचे. साक्षी भिंतीकडे तोंड करून ऐकून घ्यायची.

शेवटी तिनंच एक अट घातली. खऱ्या केसांचा टोप आणा. तो माझ्या केसांसारखा दिसला तर सोमवारी शाळेत जाईन. नाही दिसला, तर मात्र परत कुणी माझ्यापुढं शाळेचं नाव काढायचं नाही.

रेश्मानं टोप मागवला. फोनवरच्या चित्रात तो काळाभोर होता; खोक्यातून निघाला तो असा तांबूस. उघडलेला टोप विकणारा परत घेईना. जवळच्या एका पार्लरवालीनं हात जोडले. दुसरी म्हणाली, "रंगवून देते, पण बिघडला तर मला बोलायचं नाही." तेव्हा ईश्वरप्पा म्हणाले होते, "मी हाय की घरात."

"व्हय व्हय," त्यांची बायको गौरम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली होती. "सगळ्या सोलापूरची टॉवेलं रंगवून झाली, आता नातीचं डोस्कं तेवढं ऱ्हायलंय!"

तर आज शनिवार होता, आणि म्हातारा कळशीभोवती फिरत होता.

"पयलं काम काय?" त्यांनी विचारलं.

"नमुना," साक्षी म्हणाली. रंगखान्याची ही पहिली पायरी तिला पाठ होती. गिऱ्हाईक सुताचा तुकडा देतं, तो समोर ठेवून रंग जुळवायचा. नमुन्याशिवाय मास्टर रंगाला हात लावत नाही.

"मग दे नमुना."

"कुठून देऊ, अज्जा?" तिचा आवाज बारीक झाला. "फोटोत बघा हवं तर."

त्यांनी फोनमधले फोटो बघितले. एका फोटोत केस निळसर काळे, दुसऱ्यात भुरे, तिसऱ्यात ट्यूबलाइटनं हिरवट. ईश्वरप्पांनी मान हलवली. "फोन लबाड असतो बाळ. काळा म्हंजी काय एक रंग न्हाय. कावळ्याचा काळा, तव्याचा काळा, जांभळाचा काळा. तुजा कुठला, ते मला तुज्या केसानंच सांगाया पायजे."

"माझे केस अज्जीला विचारा. तिनं डबा घेतलाय त्याच्यावर."

ती हे असं बोलली आणि तोंड फिरवून खाली निघून गेली.

ईश्वरप्पांना काही कळेना. ते तिच्यामागून जिना उतरले. गौरम्मा ओट्यापाशी शेंगदाण्याची चटणी कुटत होती. साक्षीचं बोलणं जिन्यातून तिच्यापर्यंत पोचलं असावं, कारण बत्ता हातात तसाच थांबला होता.

जुन्या बायका विंचरताना निघालेले केस फेकत नाहीत. बोटाला गुंडाळून त्यांची गुंतवळ करतात आणि साठवून ठेवतात. महिन्या-दोन महिन्यांनी केसांवर भांडी देणारी बाई दारावरून ओरडत जाते. तिला गुंतवळ द्यायची आणि वाटी, डबा, काहीतरी घ्यायचं. गौरम्माही घ्यायची. मार्च महिन्यात तिनं असाच एक स्टीलचा डबा घेतला. त्याच दिवसांत साक्षीच्या उशीवर रोज सकाळी केसांचा पुंजका सापडायचा आणि अज्जी तो मुकाट्यानं उचलून न्यायची. पोरीनं दोन्ही गोष्टींची गाठ घातली. तेव्हापासून त्या डब्यातलं तिनं काही खाल्लं नव्हतं. शेंगदाण्याचे लाडूसुद्धा नाहीत. घरात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गौरम्माच्या आलं होतं, पण कारण तिला उमगलं नव्हतं.

"म्हंजी तू..." गौरम्मा म्हणाली. तिनं बत्ता खाली ठेवला, हात पदराला पुसला, देव्हाऱ्याच्या फळीखाली हात घातला आणि दुधाची एक धुतलेली पिशवी बाहेर काढली. तोंड दोऱ्यानं बांधलेलं. आत गुंतवळीच गुंतवळी.

"डबा माज्या केसांवर घेतला, यव्वा. पांढरे हायेत म्हणून ती बाई कटकट करत हुती, ठाव हाय? तुजे हे हितं हायेत. एक बी दिला न्हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुज्या गेलेल्या केसांची पिशवी तुज्या म्होरं धरू? रडली असतीस."

साक्षी रडलीच. पण पिशवी छातीशी धरून रडली, आणि रडून झाल्यावर स्वतःच दोरा सोडला. एक गुंतवळ काढून तिनं अज्जाच्या तळहातावर ठेवली. "हा घ्या नमुना."

आता काम सुरू झालं. ईश्वरप्पांनी टोप साध्या शाम्पूनं धुतला, पंख्याखाली वाळवला. साक्षीनं टोपाच्या आतल्या जाळीला कडेकडेनं व्हॅसलीन लावलं, म्हणजे रंग जाळीला धरणार नाही. केसांच्या रंगाची दोन खोकी रेश्मानं आणून ठेवली होती, एक काळा आणि एक गडद तपकिरी. काळा किती आणि तपकिरी किती, ह्याच्यावर आजोबा-नातीचा बराच वाद झाला. गौरम्मा मधेच म्हणाली, "भांडा भांडा! चटणीत तिखट किती, ह्याच्यावर कधी असं भांडला न्हाईत." शेवटी साक्षीचंच माप ठरलं. टोपाच्या मानेकडची एक बारीक बट बाजूला काढून आधी तिच्यावर रंग लावायचा, हेही ठरलं.

बट रंगली. धुतली. साक्षीनं ती फुंकून, पंख्याखाली धरून पार वाळवली आणि गुंतवळीच्या शेजारी ठेवली. दोघं खिडकीपाशी वाकले.

"जुळला," साक्षी म्हणाली. "अज्जा, जुळला की!"

"जुळला. म्हणून तर आता जरा चढवाया पायजे."

"म्हणजे?"

"सुताला नमुन्याएवढाच रंग दिला तर धुण्यात उतरतो आन माल फिका पडतो. जादा वेळ ठिवून नमुन्यापेक्षा एक पायरी वर न्यायचा, मग साबणाच्या पाण्यात तो आपसुक जाग्यावर येतो."

"पण ही बट तर धुतली ना? धुऊनच जुळली."

"बट ल्हान. मोठ्या मालाला जादा लागतं."

"पण अज्जा, खोक्यावर लिहिलंय, जास्त वेळ ठेवू नका. आणि हे केस सूत नाहीत."

ईश्वरप्पा कधी पोरांवर आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशी मात्र हातमोजे चढवलेले, रंग कालवलेला, सोमवार डोक्यावर आलेला. सोमवारचा सगळा भार आपल्या हातावर आहे असं त्यांना वाटत होतं. ते म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं? गप बस."

साक्षी गप्प बसली.

त्यांनी बट बट उचलून रंग लावला. हात मात्र अजून तोच होता, सफाईदार, कुठं डाग नाही, कुठं जागा सुटलेली नाही. मग ते खुर्ची ओढून समोर बसले आणि वाट बघत राहिले. साक्षीनं एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. ते उठले तेव्हा बटेला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ होऊन गेला होता.

धुताना पाणी थोडं काळं झालं आणि लगेच निवळलं. त्यांनी पाण्यात परत हात फिरवून बघितला. सूत असं करत नाही. सूत धुतलं की मोरीभर रंग वाहतो. इथं रंग आत जाऊन बसला होता. बाहेर यायला तयार नव्हता.

टोप वाळला. काळा झाला होता. असा काळा की त्यात एकही बट वेगळी दिसेना. मुळापासून टोकापर्यंत एकसारखा, चकाकी नाही, छटा नाही. डांबर ओतल्यासारखा. साक्षीनं तो उचलला, आरशापुढं जाऊन घातला. ईश्वरप्पा दारात उभे होते. आरशातून तिचे डोळे त्यांना भेटले. तिनं टोप काढला, परत नीट कळशीवर ठेवला, आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"जेवाया ये गं," गौरम्मानं हाक मारली.

"भूक नाही. आणि सोमवारचं आता काही बोलू नका."

ईश्वरप्पांनाही जेवण गेलं नाही. ते गच्चीवर जाऊन बसले. रंग चुकला ह्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. रंग चुकतात, त्यांच्या हातून पूर्वी ढीगभर सूत बिघडलं होतं आणि त्यांनी ते सुधारलंही होतं. त्यांना खुपत होतं ते वेगळंच. पोरीनं बघितलं होतं. तिनं वाळवून, उजेडात धरून बघितलं होतं आणि बरोबर सांगितलं होतं. "परत बघ, परत बघ" म्हणून तिला बघायला कुणी शिकवलं? आणि ती बघून बोलली तेव्हा आपण काय म्हणालो? तुला काय कळतं.

दुपार कलली तसे ते खाली आले आणि दारापाशी जाऊन बसले.

"साक्षी. मी चुकलो."

त्यांनी टोप मांडीवर घेतला.

"रंगात चुकलो, त्येचं सोड. तुला बराबर दिसलं हुतं आन मी तुला गप केलं. ते लई वंगाळ केलं."

मग आतून आवाज आला, "आता काय उपयोग?"

"उपेग सांगू? रंगखान्यात एका मास्तराच्या हातून माल बिघडला तर दुसरा मास्तर बोलवायचे. पयल्यानं मग हाताखाली काम करायचं. मी टोप घिऊन हितं बसलोय. दुसरा मास्तर पायजे."

"हूं," गौरम्मा पलीकडून म्हणाली, "पगार न्हाय म्हणून सांगा आधी."

कडी वाजली. दार उघडलं. साक्षीचे डोळे सुजले होते, पण हातात फोन होता. ती आत बसून काय करत होती ते आता कळलं. "कोंड्याचा शाम्पू लागेल," ती म्हणाली. "ताजा रंग असेल तर गरम पाण्यात त्यानं थोडा थोडा उतरतो. फार गरम नाही. आणि चोळायचं नाही, वरून खाली फक्त हात फिरवायचा."

"जी मास्तर."

"अज्जा, नाटक नको."

"बरं मास्तर."

पाणी नळाला परवा येऊन गेलं होतं, पुढचं कधी येईल सांगता येत नव्हतं. गौरम्मानं पिंपात डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आख्ख्या घराचं पाणी एका टोपाला!" असं म्हणत तिनं पहिली बादली स्वतःच तापवायला ठेवली.

साक्षी शाम्पू लावायची, थांबायची, सांगायची, "आता धुवा." ईश्वरप्पा धुवायचे. प्रत्येक धुण्यानंतर ती एक बट वाळवून गुंतवळीशेजारी धरायची. पहिल्यांदा फरकच पडेना. मग पाण्याला चहासारखी छटा यायला लागली. बँकेतून आलेल्या रेश्मानं मोरीच्या दारातून हे बघितलं. पर्स ठेवली आणि बाह्या सारून दुसरी बादली उचलली.

उजेड जाऊ लागला तसं साक्षी म्हणाली, "थांबू या. ट्यूबलाइटमध्ये रंग बघायचा नाही." ईश्वरप्पांनी मान खाली घातली, कारण त्यांना हसू आलं होतं. त्यांचंच वाक्य होतं ते.

रविवारी सकाळी टोप गच्चीवर गेला. रात्रभर सावलीत वाळून आता उन्हात आला होता. ईश्वरप्पांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. रंग उतरला होता खरा, पण सगळीकडं सारखा नाही. मुळाशी गडद काळा, मधे मऊसर, आणि टोकांना पुन्हा जरा तांबूस. सुताच्या धंद्यात ह्याच्यासारखी नामुष्की नाही. एका लडीत दोन छटा निघाल्या तर गिऱ्हाईक माल तोंडावर फेकतं.

"एकसारका न्हाय झाला," ते म्हणाले. "टोकांनी जादा सोडला. टोकं जुनी असतात, रंग धरून ठिवत न्हाईत. परत एकदा टोकांना थोडा..."

"थांबा," साक्षी म्हणाली.

ती आज जिन्याच्या दारात थांबली नव्हती. उन्हात आली होती. तिनं पिशवीतून गुंतवळ काढली आणि पहिल्यांदाच ती उलगडायला घेतली. हळूहळू, गाठ न तोडता. एक लांब केस मोकळा झाला. त्याचं एक टोक तिनं अज्जाच्या बोटात दिलं, दुसरं आपल्या बोटात धरलं आणि केस उन्हात ताणला.

"काय रंग आहे?"

ईश्वरप्पांनी डोळे बारीक केले. "काळा. जांभळाचा."

"परत बघा."

त्यांनी परत बघितलं. मुळापासून नजर सावकाश सरकवत नेली. त्यांच्या बोटाजवळ केस काळाभोर होता. मधे कुठंतरी, नेमकं कुठं ते सांगता येऊ नये असा, तो बदलत होता. आणि साक्षीच्या बोटाजवळ, सायकलवरून उन्हातान्हात हिंडलेल्या वर्षांचं ते जुनं टोक, लालसर चमकत होतं.

शनिवारी नमुना हातात होता तेव्हा त्यांनी फक्त वळलेली गुंडाळी बघितली होती. गुंडाळी काळीच दिसते. केस सोडवून त्यांनी बघितलाच नव्हता. सूत असंच बघतात, लडच्या लड.

"माझे एकसारखे नव्हतेच, अज्जा," साक्षी म्हणाली.

त्यांनी टोपाची एक बट उचलून त्या एका केसाशेजारी धरली. तंतोतंत नव्हती. मुळाशी अजून थोडी जास्त काळी होती. पण उन्हात दोन्हींची टोकं सारखीच तांबूस दिसली.

"हे केस कुणाचे असतील?" साक्षीनं टोपावरून हात फिरवत विचारलं.

"कुठल्या तरी बाईचे. तिच्या बी घरात कुणीतरी पिशवीत साठवले असतील."

"म्हणजे हिची टोकं पण उन्हातली असतील."

"असतील की."

तिनं ओढणी सोडली. गच्चीवर, उजेडात, अज्जासमोर. शेजारच्या गच्चीवर कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्या क्षणी तिला ते आठवलं नसतं. टोप घातला, कानामागं सारला, मागं बोटं फिरवली. मग खाली जाऊन तिनं स्टीलचा डबा उघडला आणि एक लाडू खाल्ला. गौरम्मानं ते बघितलं आणि फोडणीच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

सोमवारी सकाळी ती गणवेश घालून दारात उभी राहिली तेव्हा घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कौतुक केलं नाही. रेश्मानं सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं. "अज्जा, कोपऱ्यापर्यंत या," एवढंच साक्षी म्हणाली.

दोघं निघाले. तिचा हात राहून राहून कानाकडं जात होता. कोपऱ्यावर तिच्याच वर्गातली बुद्धप्रिया सायकल घेऊन उभी होती. तिनं साक्षीला बघितलं, आधी चेहरा, मग केस, आणि पोरी विचारतात तसं पटकन विचारून टाकलं, "अगं! केसांना काय केलंस? मेंदी का?"

ईश्वरप्पा दोन पावलं मागं थांबले. आता ती खाली बघेल, असं त्यांना वाटलं. खोटं बोलेल, किंवा माघारी वळेल. माघारी वळली तर आपण काही म्हणायचं नाही, असंही त्यांनी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

साक्षीचा हात कानापाशी गेला आणि तिथून खाली आला.

"रंगवलेत," ती म्हणाली. "टोप आहे. अज्जानं आणि मी रंगवलाय."

बुद्धप्रिया जवळ आली. "खरंच? बघू." तिनं एक बट बोटात धरून उन्हात नेली. "टोकं लाल आहेत की."

"मग? कशाचा लाल आहे, सांग."

बुद्धप्रियानं विचार केला. "विटेचा?"

"परत बघ," साक्षी म्हणाली.

ईश्वरप्पा तिथूनच मागं फिरले.